सावलीतले परस

आमच्या घरामागे परस आहे, असे मी स्टाफरूममध्ये म्हटले की एखादी तरी सहकारीण उसासा टाकते. बिचारी सहाव्या मजल्यावर राहते. गॅलरीतल्या दोन कुंड्यांत तुळस आणि कोरफड, एवढीच तिची शेती. ‘बाई, नशीबवान आहात!’ ती म्हणते. मी हसून घेते. परस पाहायला मात्र गेल्या वर्षापर्यंत मी कोणाला बोलावले नव्हते.

बोलवावे कशाला? तीस फूट रुंद आणि वीस फूट खोल अशी ती जागा. मध्ये एक दांडगा आंबा. त्याखाली वर्षानुवर्षांचा पाचोळा, मोडकी सायकल, घर रंगवले तेव्हा उरलेले डबे, आणि भिंतीवर हिरवे शेवाळ. मागचे दार आम्ही भांडीवालीसाठी उघडायचो आणि डास शिरू नयेत म्हणून तत्परतेने लावायचो. नवनगर विकास प्राधिकरणाच्या ज्या बैठ्या वस्तीत आम्ही राहतो, तिथे मामंजींनी १९८६ साली हे घर बांधले. मामंजी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, म्हणजे १९५४ साली स्थापन झालेल्या आपल्या पेनिसिलीनच्या कारखान्यात नोकरीला होते. घराची वास्तुशांत झाली त्या उन्हाळ्यात त्यांनी खाल्लेल्या एका रायवळ आंब्याची कोय मागे पुरली. तोच हा आंबा. मामंजी जाऊन आता नऊ वर्षे झाली. त्यांच्या मागे परसाकडे पाहणारे कोणी उरले नाही. सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसत, पण दार ओलांडून बाहेर म्हणून जात नसत.

गेल्या वर्षी नवरात्रात माझ्या अंगात उत्साह संचारला. शरद ऋतूवर वर्गात तासन्‌तास बोलायचे, आणि आपल्या मागील दारी शरदाने पाऊलही टाकायचे नाही, हे मला खटकू लागले. रोपवाटिकेतून झेंडूची आणि शेवंतीची मिळून चाळीस रोपे आणली. पाचोळा झाडून आंब्याभोवती गोलाकार लावली. दिवाळीला मागचे दार उघडले की सोनेरी रिंगण दिसेल, असे चित्र मनाशी रंगवले होते. झाले काय, तर झेंडू उंटासारखे माना वर काढून वाढले, एकेकाला एखादे मरतुकडे फूल आले, आणि शेवंतीने तर कळीच धरली नाही.

झेंडूचे कारण उघड होते. त्याला दिवसाला सहा तास तरी रोखठोक ऊन लागते. ते नसले की तो उजेडाच्या शोधात नुसता लांबत जातो. शेवंतीची गोष्ट अधिक मजेची आहे. रात्र लांबू लागली की शेवंती कळी धरते; तिचे पंचांग अंधारावर चालते. आमच्या दक्षिणेला तीन वर्षांपूर्वी इमारत उभी राहिली, खाली मोटारी आणि वर पाच मजले. तिच्या आवारातला दिवा रात्रभर आमच्या परसात झगझगत असे. शेवंती बिचारी समजत होती की दिवस अजून मावळायचाच आहे!

पण हे शहाणपण मला नंतर सुचले. त्या वेळी आम्ही सगळा दोष आंब्याला दिला. ‘हे झाड काढल्याशिवाय इथे काही उगवायचे नाही,’ असे हे म्हणाले, आणि मीही मान डोलावली. आंब्याला फळे बेताची, तीही आंबट. पानगळ मात्र बारमाही. शहरात झाड तोडायचे तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. ह्यांनी अर्ज लिहायला घेतला. तो मजकूर मराठीत नीट व्हावा म्हणून माझ्याकडेच तपासायला आला, आणि मी त्यात दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. आज ते आठवले की मला शरम वाटते.

सासूबाईंनी अर्जाविषयी ऐकले. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्या रात्री जेवल्या मात्र नाहीत. पोट ठीक नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून आले तो मागचे दार सताड उघडे, आणि सासूबाई पायरीवर बसलेल्या.

‘सूनबाई, बस जरा इथे,’ त्या म्हणाल्या. ‘मला एवढं सांग, मे महिन्यात आपले पापड कुठे वाळतात?’

‘इथेच की. मागे.’

‘मग तेव्हा आंबा कुठे जातो? काशीला?’

मला उत्तर सुचेना. सासूबाई नऊ वर्षे त्या खिडकीशी नुसत्या बसल्या नव्हत्या. ऊन कोणत्या महिन्यात कुठून येते आणि कुठवर जाते, ह्याची नोंद त्यांच्या डोळ्यांत होती. इमारत झाल्यापासून दसऱ्यानंतर परसात ऊन पडतच नाही, हे त्यांनी पाहिले होते.

रविवारी आम्ही दोघींनी प्रयोग केला. सकाळी आठपासून दर तासाला उन्हाची कड जिथे असेल तिथे मी रांगोळीने रेघ ओढायची आणि सासूबाईंनी घड्याळ सांगायचे. संध्याकाळी परसात पाहावे तो दहापर्यंत आमच्याच घराची सावली. त्यानंतर इमारतीची सावली जवळजवळ उत्तरेकडच्या भिंतीला टेकलेली. तिच्या पोटात आंब्याची सावली असली काय नि नसली काय! भूगोलाच्या पुस्तकात दक्षिणायन शिकलो, पण ते असे आपल्या परसात येऊन ठाकते हे लक्षात कोण घेतो? मेच्या मध्यावर आपल्या भागात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली दुपारी नाहीशी होते. तेव्हा कितीही उंच इमारत असो, भरदुपारी शेजारच्या परसाचे ऊन ती अडवू शकत नाही. दिवाळीच्या सुमारास तोच सूर्य भरदुपारीदेखील दक्षिणेकडे कलंडलेला असतो, आणि पाच मजल्यांची सावली तीस-चाळीस फूट सहज लांबते. म्हणजे आंबा तोडला असता तरी दिवाळीत आम्हांला ऊन मिळणार नव्हतेच. मिळाला असता तो फक्त इमारतीच्या मोरीच्या नळांचा देखावा.

अर्ज फाडला. उत्तरेकडच्या भिंतीलगत तीन ते पावणेपाच एवढे तिरपे ऊन येते, ही त्या दिवसाची कमाई. बाकी सगळी सावली. ऊन विकत आणता येत नाही. तेव्हा सावलीत कोण सुखाने राहते, ह्याचा शोध घ्यायचा ठरले.

काम मात्र फाल्गुनात सुरू केले, आणि पहिल्याच कुदळीला ठणका बसला. वर वीतभर माती, खाली मुरूम, विटांचे तुकडे आणि सिमेंटचे गोळे. घर बांधताना गवंड्यांनी सगळा राडारोडा मागेच पुरून ठेवला होता! सिमेंटमधल्या चुन्यामुळे अशी माती अल्कधर्मी वळणाची होते. त्यात झाडाला लोह घेता येत नाही, पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मामंजी सांगत असत की पिंपरीची माती औषधी आहे. ही थट्टा नव्हे. १९६० च्या सुमारास त्यांच्या कारखान्यातल्या शास्त्रज्ञांनी इथल्याच मातीतून एक सूक्ष्म जीव वेगळा काढला आणि त्यापासून बुरशीवरचे हॅमायसिन हे औषध तयार केले. त्या जीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव गोवलेले आहे. पहिल्या पावसाला मातीचा जो गंध सुटतो तोही त्याच्याच जातभाईंची करणी. आमच्या परसातल्या त्या औषधी मातीवर सिमेंटची शाल पांघरलेली निघाली, एवढेच.

सगळे खणून काढावे तर आंब्याची मुळे दुखावतात. म्हणून वरवरचा राडारोडा उचलला आणि लागवड खोक्यांत करायची ठरवली. ही खोकी आली चाकणहून. माझा एक विद्यार्थी सकाळी माझ्या तासाला बसतो आणि दुपारपाळीला चाकणच्या एका कंपनीत जातो. मोटारींचे सुटे भाग परदेशाहून पाइन लाकडाच्या पेट्यांतून येतात, आणि त्या पेट्या पुढे भंगारात जातात. त्याने परवानगी काढून आठ पेट्या टेम्पोत घालून पाठवल्या. एक गोष्ट त्यानेच शिकवली: पेटीवर शिक्का असतो. ‘एचटी’ असेल तर लाकूड तापवून कीड मारलेली, ते निर्धास्त वापरावे. ‘एमबी’ असेल तर विषारी वायूची धुरी दिलेली. ती पेटी घेऊ नये. मराठीच्या वर्गात मी त्याला अलंकार शिकवले, त्याने मला हे शिकवले. फायद्यात कोण राहिले ते उघड आहे.

पेट्यांच्या तळाला भोके पाडली, आत गोणपाट अंथरले. निम्मा आंब्याचाच कुजलेला पाचोळा, उरलेल्यात तांबडी माती आणि शेणखत. ज्या पानगळीबद्दल आम्ही झाडाला शिव्या घालत होतो, तीच कामाला आली. पेट्या बुंध्यापासून दोन हात दूर ठेवल्या, कारण बुंध्याला माती लागून राहिली की साल कुजते. खालच्या वाळक्या फांद्या छाटायला उद्यान विभागाकडे अर्ज केला. हा अर्ज सासूबाईंनी स्वतः वाचून पाहिला. भिंतीवरचे शेवाळ खरवडून दोन हात चुना दिला, आणि परस एकदम उजळले. पांढरी भिंत आलेला उजेड परत टाकते. सावलीतल्या बागेसाठी ह्याहून स्वस्त उपाय मला तरी ठाऊक नाही.

आता रोपे. ती बहुतेक विकत घेतलीच नाहीत. सासूबाईंनी जुन्या वहीतून नंबर काढून कारखान्याच्या वसाहतीतल्या मैत्रिणींना फोन केले. कितीतरी वर्षांत न बोललेल्या बायका एकमेकींशी सोनटक्क्याविषयी तासभर बोलत होत्या. ज्येष्ठात सोनटक्क्याचे गड्डे आले. त्याला ओलावा आणि कवडशाचे ऊन मानवते. अबोली आली, थोड्या सावलीत ती खूष असते. गुलबक्षीच्या काळ्या बिया आल्या. निळी आणि पांढरी कोरांटी आली, ती शरदातच फुलते. तेरडा मृगात पेरला. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण मी वर्गात पुष्कळदा समजावून दिली आहे. आमच्या तेरड्याने श्रावणापासून आश्विनाच्या मध्यापर्यंत टिकून म्हणीला खोटे पाडले. गौरी आणायला ह्या वर्षी बाजारात जावे लागले नाही. त्याची पिकलेली बोंडे बोटाने दाबली की फटकन फुटतात आणि बी उडते. आमचा धाकटा त्या नादात अभ्यास विसरला, पण पुढच्या वर्षीची पेरणी करून मोकळा झाला.

खरा रंग मात्र फुलांपेक्षा पानांनी दिला. कोलियसच्या कांड्या पाण्यात ठेवल्या तरी आठ दिवसांत मुळे धरतात. तांबडी, पिवळी, पोपटी, काठाला वेगळी नक्षी असलेली. रंगीत अळूची पांढरी पाने तर अंधारात कंदिलासारखी दिसतात. इथे एक चूक मी केली आणि सुधारली: गर्द जांभळे आणि काळपट लाल रंग सावलीत बुडून जातात. पांढरा, पिवळा, फिका गुलाबी हेच तिन्हीसांजेला उठून दिसतात. आंब्याच्या बुंध्यावर नागवेल चढवली. विड्याची पाने आता घरची. उत्तरेच्या भिंतीलगत, त्या पावणेदोन तासांच्या उन्हात, कर्दळ लावली. झेंडू? तो गच्चीवर कुंड्यांत वाढवला आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी खाली आणला. पाहुणा म्हणून.

त्रास झाला नाही असे नाही. सावलीत माती लवकर वाळत नाही, आणि आपण प्रेमाने रोज पाणी घालतो. माझी तीन अबोलीची झाडे अशीच प्रेमाने गेली. आता बोट पेराएवढे मातीत खुपसून पाहते, कोरडे लागले तरच पाणी. पावसात मोठ्या शंखाच्या गोगलगाईंनी धाड घातली. रात्री टॉर्च घेऊन त्या वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. हे काम ह्यांनी अंगावर घेतले, बहुधा अर्जाचे प्रायश्चित्त म्हणून. आणि कुंड्यांखालच्या बशा काढून टाकल्या. डेंग्यूचे डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतात, आणि पावसाळा सरता सरता आमच्या भागात त्याची धास्ती असते.

दिव्याची गोष्ट राहिलीच. इमारतीच्या मंडळींशी भांडायचे असे मी ठरवून ठेवले होते. पण सासूबाई आधी जाऊन आल्या, डब्यात नारळाच्या वड्या घेऊन. दिव्याचे तोंड त्यांच्याच फाटकाकडे वळले. गच्चीवरून दोन शेवंतीच्या कुंड्या उत्तरेच्या भिंतीपाशी आणून ठेवल्या आहेत. फुले मोजकीच येतील, पण ह्या वर्षी कळ्या धरल्या आहेत.

परवा संध्याकाळी सासूबाई पायरीवर वाती वळत बसल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून एका तरुण मुलीने हाक मारली. लग्न होऊन बिहारकडून आलेली, नवरा चाकणला कामाला.

‘आजी, वो सफेद फूल... खूप छान वास येतो. मला एक मिळेल?’

तिने दोरीला बांधून एक प्लॅस्टिकची टोपली खाली सोडली. सासूबाईंनी सोनटक्क्याची चार फुले ठेवली, वर कोलियसच्या दोन कांड्या ठेवल्या, आणि पाण्यात कशा ठेवायच्या ते मराठी-हिंदीची खिचडी करून मोठ्याने सांगितले. टोपली हलत हलत वर गेली.

‘झाड भी मिलेगा?’ वरून आवाज आला.

‘मिळेल की! पण आत्ता नाही,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मृग लागला की ये. गड्डा काढून ठेवते.’