घरचे ऑर्किड पुन्हा फुलावे म्हणून

एके काळी धनिकांच्या हरितगृहांत दिसणारे ऑर्किडचे रोप आज शहरांतील मध्यमवर्गीय घरांच्या सज्ज्यांतही दिसू लागले आहे. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर येथील रोपवाटिकांत कॅटलिया, डेंड्रोबियम, फॅलेनॉप्सिस, वांडा इत्यादी प्रकारांची रोपे मिळतात. परंतु विकत आणताना फुललेले रोप एकदा फुले गळून गेली की पुन्हा फुलत नाही, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. वर्ष-दोन वर्षे वाट पाहून अशी कितीतरी रोपे वांझ समजून टाकून दिली जातात. वास्तविक त्यांतील पुष्कळशी रोपे निरोगी असतात. काही रोपांच्या बाबतीत तर ज्या भागातून फूल यावयाचे, तोच भाग वाळलेला पाला समजून कापून टाकलेला असतो. हा भाग म्हणजे कळीचे म्यान होय.

म्यान म्हणजे काय?

ऑर्किडला मराठीत आमरी असेही नाव आहे. तिच्या अनेक प्रकारांपैकी कॅटलियामध्ये कळीचे म्यान विशेष ठळकपणे दिसते. कॅटलिया मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेतील. ब्राझीलहून आलेले रोप इंग्लंडमधील विल्यम कॅटली या उद्यानप्रेमी गृहस्थांच्या संग्रहात फुलले. त्यांच्या सन्मानार्थ वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली यांनी १८२१ साली या प्रजातीला कॅटलिया हे नाव दिले.

ही वनस्पती रानात वृक्षांच्या फांद्यांवर वाढते. वृक्षाचे अन्न ती शोषून घेत नाही, केवळ आधार घेते. तिच्या आडव्या खोडातून नवे कोंब वर येतात व फुगून कंदासारखे होतात. या आभासी कंदात पाणी व अन्न साठविलेले असते. कंदाच्या टोकाशी एक किंवा दोन जाड पाने येतात. पान पक्व होत असताना पान व कंद यांच्या सांध्यातून एक चपटे, हिरवे, टोकाशी मिटलेले पाकीट बाहेर पडते. हेच म्यान. आतील कोवळ्या कळ्यांचे कोरड्या हवेपासून व किडींपासून रक्षण करणे हे त्याचे कार्य. सकाळच्या उजेडासमोर रोप धरून पाहिले असता म्यानाच्या तळाशी कळीची काळसर सावली दिसू लागते.

आभासी कंदाभोवती कागदासारखे पातळ आवरण असते, त्याची व म्यानाची गल्लत करू नये. हे आवरण हिरवे असताना ओढल्यास तळाशी असलेले पुढील वाढीचे डोळे दुखावतात. मात्र ते पूर्ण वाळल्यानंतर त्याखाली खवले कीड व पिठ्या ढेकूण लपून बसतात. अशा वेळी ते हलक्या हाताने सोलून काढावे आणि कंद मऊ ब्रशाने पुसून घ्यावा.

हिरवे म्यान आणि वाळलेले म्यान

म्यान दिसले म्हणजे आठवडाभरात फूल येईल, अशी अपेक्षा बाळगणे चुकीचे आहे. काही जाती हिरव्या म्यानातूनच फुलतात. काही जातींत मात्र म्यान तयार झाल्यावर रोप विश्रांती घेते. म्यान पिवळे पडते, वाळून तपकिरी होते आणि काही महिन्यांनंतर त्याच वाळलेल्या म्यानातून कळ्या वर येतात. कॅटलिया लेबिएटा ही जाती शरद ऋतूत फुलते आणि तिला बहुधा दुहेरी म्यान असते. कोलंबियाचे राष्ट्रीय पुष्प असलेली कॅटलिया ट्रायनी हिवाळ्यात, तर व्हेनेझुएलाचे राष्ट्रीय पुष्प असलेली कॅटलिया मॉसिई वसंतात फुलते. बाजारात मिळणारी बहुतेक रोपे संकरित असल्यामुळे त्यांचा क्रम निरनिराळा असतो. यास्तव रोपाला म्यान केव्हा आले व फूल केव्हा उमलले, याची नोंद वहीत ठेवावी. दोन वर्षांच्या नोंदींवरून त्या रोपाचा स्वभाव कळू लागतो.

तोपर्यंत एक नियम पाळावा. म्यान वाळले तरी ते लगेच कापू नये. कंद टणक व पान निरोगी असेल, तर पुढील हंगाम उलटेपर्यंत त्याला राहू द्यावे. क्वचित वाळलेले म्यान इतके कडक होते की कळीला बाहेर पडता येत नाही. अशा वेळी टोकाशी लहानशी चीर देऊन वाट करून द्यावी. म्यान अखेरपर्यंत रिकामे राहिले, तरी कंद कापू नये. त्यातील अन्नावर पुढचा कोंब पोसला जातो.

पावसाळ्यातील जपणूक

महाराष्ट्रात म्यानाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पावसाळ्यातील कोंदट हवा. कोकणपट्टीत व घाटमाथ्यावर पावसाळ्यात हवेतील दमटपणा दिवसेंदिवस हटत नाही. म्यानाच्या आत पाण्याचे थेंब साचतात आणि कोवळ्या कळ्या कुजतात. म्हणून संततधार पावसात रोपे छपराखाली, परंतु वारा खेळेल अशा जागी टांगावीत. पाणी नेहमी सकाळी व मुळांशी द्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाने व सांधे कोरडे होतात.

आत कळ्या दिसत असताना म्यान ओलसर होऊन पिवळे पडू लागले, तर ते टोकाकडून जपून उघडावे व हवा लागू द्यावी. त्यासाठी वापरावयाचे पाते आधी ज्योतीवर धरून निर्जंतुक करावे व थंड होऊ द्यावे. प्रत्येक रोपासाठी पाते पुन्हा निर्जंतुक करणे अगत्याचे आहे, कारण ऑर्किडचे विषाणुजन्य रोग रसाच्या संपर्काने एका रोपातून दुसऱ्या रोपात पसरतात व त्यांवर उपाय नाही.

फूल येण्यासाठी

म्यानाची कितीही निगा राखली तरी रोपाच्या अंगी बळ नसेल तर ते रिकामेच राहते. हे बळ मुख्यत्वे प्रकाशातून येते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवलेले रोप हिरवेगार दिसते खरे. परंतु पानांचा गडद हिरवा रंग हे प्रकाश अपुरा पडत असल्याचे लक्षण होय. कॅटलियाची पाने किंचित पिवळसर हिरवी असावीत. पूर्वेकडील सज्जा तिला सर्वोत्तम. सकाळचे कोवळे ऊन मिळावे आणि दुपारी निम्मी सावली देणाऱ्या जाळीचा आडोसा असावा. पानांवर करपल्याचे डाग पडू लागले तर ऊन अधिक होत आहे असे समजावे.

दिवस व रात्र यांच्या तापमानातील फरकही महत्त्वाचा आहे. कॅटलियाला दिवसा २४ ते ३० अंश आणि रात्री १३ ते १८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. पुणे, नाशिक येथील हिवाळ्यात असा फरक सहज मिळतो. मुंबईसारख्या किनारी शहरात तो कमी मिळत असल्याने रोप रात्री उघड्या, हवेशीर जागी ठेवणे हितावह ठरते. कॅटलिया लेबिएटासारख्या काही जातींना कळी धरण्यासाठी लहान दिवस व मोठी रात्र लागते. अशा रोपावर रात्रभर रस्त्यावरील दिव्याचा झोत पडत राहिला, तर फुलण्यात अडथळा येतो.

ऑर्किड कुंडीतील मातीत लावू नये. बाजूस भोके असलेल्या मातीच्या कुंडीत कोळसा, विटांचे वा कौलांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरावेत. मुळांवरील पांढरे, स्पंजासारखे आवरण पाणी शोषते. परंतु मुळे सतत भिजत राहिली तर ती कुजतात. यास्तव कुंडीतील तुकडे जवळजवळ सुकल्यावरच पाणी द्यावे. शक्य तेथे पावसाचे साठविलेले पाणी वापरावे. वाढीच्या काळात १९:१९:१९ हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा द्यावे आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी, म्हणजे क्षार साचत नाहीत. साधारणतः दोन वर्षांनी, नवी मुळे फुटू लागताच कुंडी बदलावी. रोप विभागावयाचे असेल तर प्रत्येक भागात किमान तीन-चार कंद ठेवावेत.

कॅटलियाचे सर्वच नियम अन्य ऑर्किडांना लागू पडत नाहीत. फॅलेनॉप्सिसला असे म्यान नसते. तिचा फुलांचा दांडा पानांच्या बेचक्यातून निघतो व तो येण्यास रात्रीचा गारवा साहाय्यभूत होतो. डेंड्रोबियमच्या पाने गळालेल्या जुन्या कांड्यांवरही पुन्हा फुले येतात. तेव्हा त्याही घाईने छाटू नयेत.

कळ्या गळतात तेव्हा

म्यानातून बाहेर पडलेल्या कळ्या उमलण्यापूर्वीच पिवळ्या पडून गळतात, तेव्हा कारण बहुधा घरातच सापडते. जागा एकाएकी बदलणे, पाण्याची ओढ बसणे, गरम वाऱ्याचा झोत लागणे ही नेहमीची कारणे. आंब्याची अढी घातलेल्या खोलीत ऑर्किड ठेवणे हेही घातक ठरते. पिकणाऱ्या फळांतून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या व फुले अकाली सुकतात. कळ्या दिसू लागल्यावर कुंडीची दिशा बदलू नये, कारण कळ्या उजेडाकडे वळून उमलतात व दिशा बदलल्यास फुले वेडीवाकडी होतात.

रानातील आमरी रानातच

ऑर्किडची आवड वाढल्याबरोबर सह्याद्रीतील रानटी आमरी झाडांवरून ओरबाडून आणण्याचा मोहही वाढतो. पावसाळ्याच्या तोंडावर फुलणारी सीतेची वेणी ही त्यांपैकीच एक. आमरीचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते, त्यात अन्नसाठा नसतो. रानात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते आणि रोप फुलण्याजोगे होण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून एक रोप उपटल्याने होणारी हानी लवकर भरून येत नाही. निळी वांडा, तांबडी वांडा यांसारख्या जातींना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. समस्त आमरी कुलाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराचे नियंत्रण आहे. प्रयोगशाळेत बी रुजवून वा ऊतीसंवर्धनाने तयार केलेली रोपे रोपवाटिकांत मिळत असताना रानातील रोपे आणण्याचे कारणही उरत नाही.

ऑर्किड संथ गतीने वाढते आणि आपल्या ऋतूतच फुलते. पुरेसा प्रकाश, खेळती हवा, बेताचे पाणी आणि वाळलेल्या म्यानाकडेही आशेने पाहण्याचा धीर, एवढे जेथे आहे तेथे लहानशा सज्ज्यातही ते वर्षानुवर्षे फुलत राहील. फेकून देण्यासाठी बाजूला काढलेले एखादे रोप घरात असेल, तर त्याचे कंद टणक आहेत काय हे आधी पाहावे. ते टणक असल्यास त्या रोपाला उजेडात आणखी एक वर्ष अवश्य द्यावे.