खताच्या पिंपाला पातळीदर्शक नळी बसवा

ठिबक संचातून विद्राव्य खते देण्याची पद्धत आता गावोगाव रुळली आहे. मात्र व्हेंचुरीने ओढलेले खत कोणत्या तुकड्याला किती गेले, हे बऱ्याच ठिकाणी अंदाजानेच ठरते. काहीजण घड्याळ लावून व्हॉल्व्ह बदलतात. परंतु व्हेंचुरीची ओढ दाबातील फरकावर अवलंबून असते. जवळच्या व लांबच्या तुकड्यात हा दाब सारखा राहत नाही, फिल्टर तुंबला तरी तो बदलतो. त्यामुळे वेळ सारखी देऊनही एका तुकड्याला खत जास्त व दुसऱ्याला कमी जाते. यावर सोपा उपाय म्हणजे पिंपाला पातळीदर्शक नळी बसविणे.

साहित्य : अर्धा इंची प्लॅस्टिकचे टाकीचे निपल (दोन रबरी वायसरसह), बॉल व्हॉल्व्ह, टी, लहान तोटी, क्लिपा आणि गवंडी लेव्हल काढण्यासाठी वापरतात तशी पारदर्शक नळी. नळीचे आतील माप १० ते १२ मि.मी. असावे. फार बारीक नळीत द्रावण थोडे वर चढून राहते. लोखंडी किंवा पितळी जोड टाळावेत, ते खताने गंजतात.

बसविण्याची पद्धत : पिंप सपाट ओट्यावर ठेवावे. तळापासून सुमारे ५ सें.मी. वर छिद्र पाडून निपल घट्ट बसवावे. त्यापुढे व्हॉल्व्ह व टी जोडावा. टीच्या वरच्या तोंडाला नळी आणि खालच्या तोंडाला तोटी बसवावी. नळी पांढऱ्या रंगाच्या लाकडी पट्टीला सरळ बांधून पिंपाच्या काठावर वीतभर न्यावी आणि टोक खाली वळवावे. हे टोक कधीही बंद करू नये. हवा कोंडली की पातळी चुकीची दिसते.

खुणा करणे : खुणा मोजपट्टीने करू नयेत, कारण पिंप सगळीकडे सारख्या व्यासाचे नसते. शोषनळीची जाळी बुडेल एवढे पाणी प्रथम भरावे. तेथे शून्याची खूण करावी, कारण त्याखालील द्रावण संचात जात नाही. नंतर १० लिटरची मापाची बादली ओतत प्रत्येक वेळी पट्टीवर रेघ मारावी.

महत्त्वाची दक्षता : पिंपात आधी पाणी भरून मग खत विरघळविल्यास नळीत साधे पाणीच राहते. खताचे द्रावण पाण्यापेक्षा जड असते. ते ५ टक्के जड असेल आणि पिंपात ८० सें.मी. उंच असेल, तर नळीतील पाणी ४ सें.मी. जास्त वर दिसते. दोनशे लिटरच्या पिंपात ही सुमारे एका बादलीची चूक होय. म्हणून खत ढवळल्यावर तोटीतून एक-दोन लिटर द्रावण बादलीत सोडून ते परत पिंपात ओतावे व नंतरच पातळी वाचावी.

उपयोग : समजा, सारख्या क्षेत्राचे चार तुकडे आहेत व द्रावण १६० लिटर आहे. प्रत्येक तुकड्याला चार रेघा, म्हणजे ४० लिटर द्रावण द्यावे. क्षेत्र कमी-जास्त असल्यास त्या प्रमाणात रेघा वाटून घ्याव्यात. वाटा संपताच व्हेंचुरीची ओढ बंद करून काही वेळ साधे पाणी सोडावे.

निगा : काम संपल्यावर निपलजवळचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा. नळी निसटली किंवा उंदराने कुरतडली, तर रातोरात सर्व खत वाया जाईल आणि पिंप विहिरीजवळ असल्यास ते पाण्यात उतरेल. उन्हाने नळी पिवळी व कडक होते, आत शेवाळ धरते. म्हणून सावली करावी, नळी धुवावी आणि धूसर झाल्यास बदलावी. जीवामृतासारख्या चोथा असलेल्या द्रावणाने नळी तुंबते. त्या पिंपात खुणा केलेली काठी उभी बुडवून पातळी पाहणेच बरे.

महागडे खत मापून आणता, तसेच ते पिकालाही मापून द्या. एका दुपारच्या कामात ही सोय होते.