फाडून खेळण्याचा पत्ता

पत्त्यांच्या जोडातला एखादा पत्ता फाटला, तर बहुधा सगळा जोडच निकामी होतो. फाटक्या कडेवरून बदामची राणी कोणाच्या हातात आहे, हे पाठीमागूनच ओळखू येते आणि खेळातली सारी मजा निघून जाते. म्हणून शहाणा भिडू पत्ते दुमडत नाही, ओल्या हातांनी हाताळत नाही, मग फाडण्याची गोष्ट तर दूरच. परंतु १९९८ साली असा एक पत्ता छापण्यात आला की, तो फाडल्यावाचून त्याचा काही उपयोगच होत नाही. ‘केऑस कन्फेटी’ हे त्या पत्त्याचे नाव. केऑस म्हणजे गोंधळ. आणि महाराष्ट्रातील लग्नात जशा अक्षता टाकतात, तसे पाश्चात्त्य देशांत समारंभाच्या वेळी रंगीत कागदाचे कपटे उधळतात, ती कन्फेटी.

हा पत्ता ज्या खेळातला आहे, त्याचे नाव ‘मॅजिक : द गॅदरिंग’. रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणितज्ञाने तो रचला आणि १९९३ साली तो बाजारात आला. नेहमीच्या जोडात बावन्न पत्ते असतात आणि ते सर्वांचे सारखेच असतात. येथे तसे नाही. ह्या खेळाचे हजारो निरनिराळे पत्ते आजवर निघाले आहेत. ते बंद पुडक्यांतून विकले जातात आणि आत कोणते पत्ते निघतील, हे विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते. नको ते पत्ते देऊन हवे ते मित्रांकडून घ्यावयाचे, दुर्मीळ पत्ते जपून ठेवावयाचे आणि साठवलेल्या पत्त्यांतून निवडून आपला स्वतःचा जोड बांधावयाचा, अशी ह्या खेळाची रीत आहे. सर्वसाधारण स्पर्धेत हा जोड निदान साठ पत्त्यांचा असावा लागतो.

प्रत्यक्ष खेळात दोन भिडू दोन जादूगार होऊन समोरासमोर बसतात. प्रत्येकाजवळ प्रारंभी वीस गुणांचे आयुष्य असते. ज्याचे आयुष्य शून्यावर येते, तो हरतो. भूमीचे पत्ते मांडून शक्ती मिळवावयाची आणि ती शक्ती खर्चून प्राणी, मंत्र व यंत्रे मैदानात आणावयाची. वापरलेला पत्ता आडवा करून ठेवतात. पुढच्या पाळीला तो पुन्हा उभा होतो. ह्या साऱ्यांवर एक मोठा विलक्षण नियम आहे. पत्त्यावर छापलेला मजकूर आणि खेळाचा सर्वसाधारण नियम ह्यांत विरोध आला, तर पत्त्याचे म्हणणे खरे मानावयाचे. कायद्याच्या पुस्तकाहून एकेका पत्त्याचा अधिकार मोठा! सगळ्या गमती ह्याच नियमातून निघाल्या.

पहिल्याच आवृत्तीत ‘केऑस ऑर्ब’ म्हणजे ‘गोंधळाचा गोळा’ असा एक पत्ता होता. तो निदान एक फूट उंचीवरून मैदानावर टाकावयाचा. पडताना त्याने एक तरी पूर्ण कोलांटी घेतली, तर ज्या ज्या पत्त्यांना तो स्पर्श करील, ते सर्व नष्ट होत. नष्ट होणे म्हणजे अर्थातच बाद पत्त्यांच्या ढिगात जाणे. पुढील डावात ते पुन्हा परत येत. हा प्रकार बुद्धीपेक्षा हाताच्या कसबाचा होता. समोरचा भिडूही कच्चा नसे. तो आपले पत्ते टेबलावर दूर दूर पसरून मांडी. पंचांना ह्याचा निवाडा करणे कठीण होऊ लागले आणि पुढे अधिकृत स्पर्धांतून ह्या पत्त्याला बंदी झाली.

ह्या पत्त्याविषयी एक दंतकथा खेळणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. कोण्या एका भिडूने अटीतटीच्या सामन्यात हा पत्ता हातात घेतला, टराटरा फाडला आणि त्याचे तुकडे प्रतिस्पर्ध्याच्या सगळ्या पत्त्यांवर उधळून दिले! ‘स्पर्श करील तो पत्ता नष्ट’ एवढेच लिहिले होते. पत्ता अखंड असावा, असे कोठे लिहिले होते? कोणी म्हणतात, तो जिंकला. कोणी म्हणतात, पुढच्या डावात त्याच्या जोडात एक पत्ता कमी भरला आणि पंचांनी त्याला बाद केले. घटना खरी असो वा नसो, आज पहिल्या आवृत्तीतील ‘केऑस ऑर्ब’ची चांगली प्रत हजारो डॉलरांना जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या कथेतल्या धाडसाचे मोल कळते.

१९९८ साली मार्क रोझवॉटर ह्यांनी रचलेला ‘अनग्लूड’ हा निव्वळ विनोदी पत्त्यांचा संच निघाला. गंभीर पत्त्यांची किनार तेव्हा काळी किंवा पांढरी असे. ह्या पत्त्यांना रुपेरी किनार दिली, म्हणजे स्पर्धेत चुकूनही कोणी ते आणू नयेत. (२०२२ च्या विनोदी संचात रुपेरी किनारीऐवजी ओक वृक्षाच्या फळाचा शिक्का आला.) ह्याच संचात एक अक्राळविक्राळ राक्षस आहे. तो एका पत्त्यात मावत नाही, म्हणून डावा अर्धा एका पत्त्यावर व उजवा अर्धा दुसऱ्यावर छापला आहे. दोन्ही अर्धे एकदम खेळता आले, तरच तो अवतरतो. आणि ह्याच संचात ती दंतकथा ‘केऑस कन्फेटी’च्या रूपाने नियम बनून आली.

शक्तीचे चार गुण खर्चून हा पत्ता मैदानात आणावयाचा. पुढे आणखी शक्ती खर्चून तो फाडावयाचा आणि निदान पाच फूट अंतरावरून त्याचे तुकडे फेकावयाचे. तुकडा ज्या पत्त्याला शिवेल, तो नष्ट. वाचताना हे सोपे वाटते. पण तुकड्यांना आपपर भाव नसतो. कपटे फार बारीक केले, तर ते वाटेतच भरकटतात आणि फेकणाऱ्याच्याच सैन्यावर पडतात. मोठे ठेवले, तर संख्येने थोडे होतात. पंख्याचा वारा असेल, तर सारा हिशेबच चुकतो.

तथापि खरी अडचण नेमाची नाही, मनाची आहे. घरच्या खेळात खऱ्या पत्त्याऐवजी साधी चिठ्ठी फाडून कोणी वेळ मारून नेईलही. पण मग त्यात गंमत कसली? हौसेने मिळवलेला, प्लॅस्टिकच्या वेष्टनात जपलेला पत्ता बोटांत धरून भिडू क्षणभर थबकतो. समोर शत्रूचे सात-आठ पत्ते मांडलेले असतात. ते सारे नष्ट झाले, तरी डाव संपताच जसेच्या तसे उचलून पुन्हा पिसले जाणार असतात. ज्याने त्यांचा नाश केला, तो पत्ता तेवढा कपट्यांच्या रूपाने केरात जाणार असतो. डाव संपल्यावर जोड मोजला, की साठांतला एक कमी भरतो.