लोणारची घटका आणि लढाईची वेळ

१९४२ सालच्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस हिंदुस्थानांतील प्रमाणवेळेचीं घड्याळें एक तास पुढें सारण्यांत आलीं. महायुद्ध चालू होतें. दिवसाउजेडीं अधिक काम उरकावें आणि दिव्याची बचत व्हावी, हा असल्या फेरफाराचा हेतु. ही वेळ १९४५ च्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ, चालली. युरोपांत वर्षांतून दोनदां कांटे हलवितात, तसें येथें झालें नाहीं. कांटे एकदां पुढें गेले, ते लढाई संपल्यावरच मागें आले. परंतु त्या एका तासाचा बुलढाणा जिल्ह्यांतील दिवसाशीं मेळ कसा बसत होता हें पाहिलें, म्हणजे परदेशांत ही चाल मोडण्याविषयीं जो वाद चालतो तोहि चटकन् उमगतो.

मुळांत प्रमाणवेळच या जिल्ह्याला थोडी पुढची आहे. १९०६ च्या जानेवारीपासून स्वीकारलेली ही वेळ मिर्झापुराजवळून जाणाऱ्या ८२½ रेखांशाची. पृथ्वीला एक अंश फिरावयास ४ मिनिटें लागतात. लोणारचें सरोवर ७६½ रेखांशावर आहे. अंतर ६ अंशांचें, म्हणजे २४ मिनिटांचें. जुन्या मापानें ही बरोबर एक घटका! घड्याळांत बारा वाजले तरी लोणारच्या कांठावर मध्यान्ह व्हावयास एक घटका उरलेली असते. अर्थात् ही सरासरी झाली. पृथ्वीची कक्षा वर्तुळाकार नाहीं व तिचा आंस कललेला आहे, त्यामुळें फेब्रुवारीच्या मध्यास तेथील मध्यान्ह १२ वाजून ३८ मिनिटांनीं होतो, तर नोव्हेंबरच्या आरंभीं १२ वाजून ८ मिनिटांनींच. एवढें मागेंपुढें कोणास बोंचत नाहीं. प्रमाणवेळेपूर्वीं आगगाड्या मद्रासच्या वेळेनें धांवत, तेव्हांहि ती वेळ मलकापूरच्या सूर्यापेक्षां सुमारें १६ मिनिटें पुढेंच होती. मुंबईकरांना मात्र हें सोसलें नाहीं. आपल्या सूर्याहून ३९ मिनिटें पुढची वेळ तेथें पुष्कळांनीं नाकारली, आणि मुंबईची म्हणून निराळी वेळ स्वातंत्र्यानंतरहि कांहीं वर्षें टिकून राहिली.

लढाईच्या वेळेनें या एका घटकेवर आणखी अडीच घटका चढल्या. जानेवारीच्या मध्यास बुलढाण्यास सूर्य ७ वाजून ४ मिनिटांच्या सुमारास उगवतो. त्या घड्याळानें तेव्हां आठ वाजून गेलेले असत. सात वाजतां भरणारी उन्हाळ्यांतील सकाळची शाळा घ्या. एप्रिलच्या आरंभीं तिची घंटा सूर्योदयाच्या जवळजवळ २० मिनिटें आधीं व्हावयाची, आणि दोन मैलांवरच्या खेड्यांतून चालत येणाऱ्या मुलाला घराबाहेर पाऊल टाकावें लागावयाचें तें काळोखांत.

शेतावरचें गणित आणखी निराळें. वेंचणीच्या दिवसांत रात्रीचें दंव बोंडांवर असेपर्यंत कापसास हात लावूं नये, असा नियम आहे. ओला कापूस गंजींत दडपला तर तो तापतो व डागाळतो. दंव उडतें तें उन्हानें. त्याला सरकारी हुकूम लागूं पडत नाहीं. घड्याळ तासभर पुढें गेलें तरी वेंचणारी बाई शेतांत शिरणार ती पूर्वींच्याच उन्हाला. पण खामगांवच्या बाजाराची किंवा आगगाडीची वेळ घड्याळावर बांधलेली असली, तर तिच्या हातचा एक तास कमी झाला. तिच्यापाशीं घड्याळ नसेल. तास मात्र तिच्याच पदरचा गेला.

मग ही कल्पना मूर्खपणाची होती काय? तिच्या मायदेशीं नव्हती. विल्यम विलेट नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १९०७ सालीं एक पुस्तिका काढून ती मांडली. १९१६ सालीं जर्मनीनें व पाठोपाठ इंग्लंडनें ती अंमलांत आणली. लंडनचा मोठ्यांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक, तर लहानांत लहान आठ तासांहून कमी. जूनमध्यें तेथें मूळच्या वेळेनें चार वाजण्यापूर्वींच सूर्य उगवतो व लोक झोंपलेले असतात. त्यांतला एक तास संध्याकाळकडे वळविला तर फारसें कोणाचें बिघडत नाहीं. बुलढाण्यास मोठा दिवस १३ तास २० मिनिटांचा आणि लहान ११ तासांस थोडा कमी. फरक अवघा अडीच तासांचा. येथें वांटण्यासारखा शिल्लक उजेड नाहींच. संध्याकाळला दिला तो सकाळचा काढूनच. आसामांत गोष्ट वेगळी. दिब्रुगडास सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारें ५० मिनिटें आधीं माथ्यावर येतो. म्हणून तिकडील चहाच्या मळ्यांत तासभर पुढचें घड्याळ वापरण्याची चाल पडली, आणि ती शहाणपणाचीच म्हणावी लागेल.

युरोपांतहि आतां या दुहेरी फेरफाराचा वीट आला आहे. २०१८ सालीं युरोपीय संघानें लोकमत मागविलें, तेव्हां आलेल्या सुमारें ४६ लक्ष उत्तरांपैकीं ८४ टक्के चाल बंद करावी अशीं होतीं. २०१९ च्या मार्चमध्यें तेथील पार्लमेंटनेंहि २०२१ पासून ती बंद करण्याच्या बाजूनें मत दिलें. घोडें अडलें तें निराळ्याच ठिकाणीं: कायमची ठेवावयाची कोणती, उन्हाळ्याची कीं हिंवाळ्याची? २०२१ साल उलटून गेलें, तरी निरनिराळ्या सरकारांचें एकमत झालें नाहीं. मेक्सिकोनें २०२२ सालीं बहुतेक प्रदेशांत हिंवाळ्याचीच, म्हणजे सूर्याला जवळची, वेळ कायम केली.

ऐकणारांपैकीं ज्यांच्या घरचें कोणी परदेशीं आहे, त्यांना या घोळाचा अनुभव घरबसल्या येतो. भारत हिंवाळ्यांत लंडनच्या साडेपांच तास पुढें, उन्हाळ्यांत साडेचार. न्यूयॉर्कच्या साडेदहा, तर कधीं साडेनऊ. त्यांतहि युरोपाचे कांटे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं मागें जातात, अमेरिकेचे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं. नेमकी त्याच आठवड्यांत दिवाळी आली, कीं लंडनच्या लेकीचा फोन नव्या हिशेबानें येतो, न्यूयॉर्कच्या मुलाचा जुन्याच हिशेबानें, आणि खामगांवच्या घरांतील आजी फराळाचें ताट पुढें घेऊन दोघांची वाट पाहत बसते.