वहीत नसलेल्यांची शिरगणती

गावात या वर्षी मुलं किती जन्मली? सोपा प्रश्न. जन्मनोंदीची वही उघडा, ओळी मोजा. पण ज्या बाळाचं नाव कुणी लिहिलंच नाही, ते कसं मोजणार?

लोकसंख्येचा अभ्यास सुरू झाला तोच मुळी वह्या चाळून. लंडनमध्ये सुया-गुंड्या विकणारा जॉन ग्राँट. तिथे दर आठवड्याला मृतांची यादी छापून येई. लोक ती वाचत, हळहळत, विसरून जात. यानं वर्षानुवर्षांच्या याद्या गोळा करून बेरजा मांडल्या आणि 1662 मध्ये पुस्तकच काढलं. लंडनची वस्ती कित्येक दशलक्ष, असं लोक बेधडक सांगत. ग्राँटचं उत्तर आलं, अवघी 3 लाख 84 हजार! मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात, हेही त्याला त्या रूक्ष याद्यांतच सापडलं.

पण वहीच फाटकी असेल तर?

इथे आपण येतो कोलकात्याजवळच्या सिंगूरला. जन्ममृत्यूची एक यादी सरकारी निबंधकाकडे होती. दुसरी घरोघर हिंडून केलेली. दोन्ही अपुऱ्या. 1949 मध्ये सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी या दोन अपुऱ्या याद्या शेजारी ठेवल्या आणि जादूच केली.

तुम्हीही करून पाहा. समजा निबंधकाकडे 80 जन्म आहेत, हिंडणाऱ्याकडे 60. त्या 60 पैकी 48 निबंधकाच्या वहीतही सापडतात. म्हणजे त्याची वही पाचातले चार जन्म पकडते. मग त्याचे 80 हे किती जन्मांतले? शंभरातले! दोन्ही याद्यांत मिळून नावं मात्र 92 च. उरलेली आठ बाळं दोघांनाही दिसली नव्हती, आणि तरी ती मोजली गेली. तळ्यात किती मासे आहेत हे तळं न उपसता सांगण्याची युक्ती हीच : काही मासे पकडा, खूण करून सोडा, पुन्हा जाळं टाका आणि खुणेचे किती येतात ते बघा.

एक मेख आहे. दोघांनी एकमेकांचं पाहून लिहिता कामा नये. दोघांनीही गावाबाहेरची तीच वस्ती टाळली, तर गणित फसतं. म्हणून चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी सुचवलं, की सगळ्यांचा हिशेब एकत्र न करता सारख्या गटांचा वेगवेगळा करा. दुहेरी नोंदीची हीच कल्पना भारताच्या नमुना नोंदणी पद्धतीत आली. 1969-70 पासून देशभरातल्या निवडक गावांत आणि शहरी भागांत एक जण वर्षभर जन्ममृत्यू टिपतो, दुसरा सहामाहीला स्वतंत्र पाहणी करतो. याद्या ताडतात, जिथे जुळत नाहीत, तिथे पुन्हा दार वाजतं.

आणि एकही यादी नसेल तर? आफ्रिकेतल्या आकडेवारीवर काम करताना विल्यम ब्रास या स्कॉटिश संशोधकानं वही मिटली आणि आईकडे मोर्चा वळवला. ना तारीख, ना दाखला. वीस ते चोवीस वर्षांच्या आयांना झालेल्या मुलांपैकी किती गेली, हे प्रमाण जवळपास बाळ दोन वर्षांचं होण्याआधी दगावण्याच्या शक्यतेइतकं निघतं! थोरल्या आयांच्या उत्तरांतून त्यापुढच्या वयांचा अंदाज येतो.

त्यासाठी प्रश्न दोनच : मुलं किती झाली? आज किती आहेत?