विजेची सायकल कशी निवडावी?

दीर्घ आजारात पडून राहिल्याने पाय अशक्त होतात. कित्येकांचे वजनही वाढते. अशा माणसाला डॉक्टरांची परवानगी असेल, तर विजेची सायकल उपयोगी पडते. पण ती कोणती घ्यावी?

हिचे दोन प्रकार आहेत. एकीत मूठ पिळली की मोटर चालते; पाय स्वस्थ राहतात. दुसरीत पायडल मारले तरच मोटर मदत करते. व्यायामासाठी दुसरीच घ्यावी. सुरुवातीला मोटरची मदत जास्त ठेवावी आणि अंगात शक्ती येईल तशी ती कमी करावी. अशा सायकलीची मोटर 250 वॅटपेक्षा कमी शक्तीची असेल आणि ताशी 25 किलोमीटर वेग होताच बंद पडत असेल, तर वाहन परवाना लागत नाही.

खरेदीपूर्वी मोटर बंद करून सायकल चालवून पाहा. बॅटरीमुळे ती जड असते. नागभीडच्या रस्त्यावर बॅटरी संपली, तर स्वतःच्या ताकदीनेच घर गाठावे लागेल! शिवाय सिंदेवाहीभोवतीच्या जंगलात वाघ आहेत. म्हणून पहाटे आणि सांजवेळी जंगलाच्या रस्त्याने जाऊ नये.

अब्बांसाठी किंवा चाचांसाठी सायकल घेताना दुकानदाराला अवश्य विचारा, "पायडल थांबवले की मोटर थांबते का?" उत्तर 'हो' असेल, तरच पैसे मोजा.