मंगळाच्या मातीची साक्ष

परग्रहावर जीवसृष्टी आहे काय, याचा रासायनिक तपास प्रत्यक्ष त्या भूमीवर जाऊन प्रथम झाला तो १९७६ साली. त्या वर्षी २० जुलैला ‘व्हायकिंग-१’ आणि ३ सप्टेंबरला ‘व्हायकिंग-२’ ही अमेरिकी याने मंगळावर उतरली. उत्तर मिळाले ते ‘नाही’ असे. या ‘नाही’चा हिशेब आज पुन्हा मांडणे अगत्याचे झाले आहे.

व्हायकिंगवरील तीन जैविक प्रयोगांपैकी गिल्बर्ट लेव्हिन यांचा प्रयोग समजण्यास सर्वांत सोपा. चिमूटभर मातीवर पोषक द्रवाचा थेंब टाकावयाचा. द्रवातील कार्बन किरणोत्सारी असल्यामुळे, सूक्ष्मजीवांनी ते अन्न पचविले तर बाहेर पडणारा वायूही किरणोत्सारी असणार. तसा वायू खरोखरच बाहेर पडला. मातीचा दुसरा नमुना आधी १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तोच प्रयोग केला, तेव्हा तो जवळजवळ निघेनासा झाला. परंतु त्याच यानावरील दुसऱ्या एका उपकरणाने माती ५०० अंशांपर्यंत तापवून तिच्यात सेंद्रिय द्रव्ये शोधली, तर तेथे काहीच हाती लागले नाही. शरीरच नाही, तर श्वास कोणाचा, असा बिनतोड सवाल उभा राहिला. क्लोरीनयुक्त दोन साधी संयुगे तेवढी अत्यल्प प्रमाणात आढळली होती. यान स्वच्छ करताना पृथ्वीवर वापरलेल्या द्रावणांचे ते अवशेष असावेत, असे मानून ती बाजूला ठेवण्यात आली.

पुढे २००८ साली ‘फीनिक्स’ यान मंगळाच्या उत्तर भागात उतरले आणि तेथील मातीत परक्लोरेट नावाचे लवण असल्याचे त्याने दाखवून दिले. हे लवण थंड असताना स्वस्थ असते; तापविले की ऑक्सिजन सोडते आणि जवळचे सेंद्रिय द्रव्य जाळून टाकते. २०१० साली मेक्सिकोचे राफाएल नावारो-गोन्झालेस व त्यांचे सहकारी यांनी चिलीतील अटाकामा वाळवंटाच्या मातीत परक्लोरेट मिसळून ती तापविली. तेव्हा निघाली ती बाजूला ठेवलेली तीच दोन संयुगे! सावकाराच्या ओट्यावर बसून त्याच्याच कुळाला कर्जाचा आकडा विचारावा, आणि गावात कर्जबाजारी कोणी नाही असा अहवाल लिहावा, त्यातलाच हा प्रकार. विचारण्याच्या पद्धतीनेच उत्तर नाहीसे केले होते.

एवढ्याने लेव्हिन बरोबर ठरतात असे मात्र नव्हे. २०२१ साली निधन होईपर्यंत ते आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञांना तो मान्य झाला नाही. मातीतील ऑक्सिडीकारक द्रव्येही तसा वायू निर्माण करू शकतात, हा आक्षेप प्रस्तुत लेखकालाही वजनदार वाटतो. पण ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘नाही’ या दोहोंतील अंतर त्या काळी पुसले गेले. यानंतर अमेरिकेचे यान मंगळावर उतरले ते थेट ४ जुलै १९९७ रोजी. या एकवीस वर्षांच्या खंडाला पैशाची व इतर कारणे होतीच. तरीही व्हायकिंगच्या नकाराचा त्यात वाटा नव्हता, असे म्हणवत नाही.

उलट दिशेची चूकही तितक्याच सहजपणे होते. १२४ प्रकाशवर्षे दूर असलेल्या ‘के२-१८बी’ या ग्रहाच्या वातावरणात डायमेथिल सल्फाइड असल्याची चिन्हे दिसतात, असे केंब्रिजचे निक्कू मधुसूदन व त्यांचे सहकारी यांनी एप्रिल २०२५मध्ये जाहीर केले. पृथ्वीवर हा वायू मुख्यत्वे सागरी सूक्ष्मजीवांपासून येतो. निष्कर्ष केवळ योगायोगाचा असण्याची शक्यता ०.३ टक्के, हा आकडा तेव्हा सर्वत्र छापला गेला, आणि जीवसृष्टी असण्याची शक्यता ९९.७ टक्के, असा त्याचा सोयीस्कर अर्थ अनेकांनी लावला. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ही गफलत माफ नसते. वेध खरा असला तरी तो वायू जीवांनीच निर्माण केला, हे त्यातून निघत नाही. हेच संयुग ‘६७पी’ या निर्जीव धूमकेतूवरही आढळले आहे. शिवाय त्याच निरीक्षणांचे पुन्हा विश्लेषण करणाऱ्या इतर संशोधकांना हा पुरावा पुरेसा वाटला नाही.

मग मार्ग कोणता? दगड पृथ्वीवर आणणे. २०२१च्या फेब्रुवारीत मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीने जुलै २०२४मध्ये एका कोरड्या नदीपात्रातील खडकाचा नमुना घेतला. त्या खडकावर बिबट्याच्या कातडीसारखे ठिपके असून त्यांत लोहाचे फॉस्फेट आणि सल्फाइड असावे, असे आढळले. पृथ्वीवर अशी खनिजे सूक्ष्मजीवांच्या सान्निध्यात तयार होतात. त्यांच्यावाचूनही होऊ शकतात. या दोहोंचा निवाडा गाडीवरच्या उपकरणांच्या आवाक्याबाहेरचा आहे. त्याला प्रयोगशाळाच हवी. नमुने आणण्याच्या योजनेचा खर्च मात्र १,१०० कोटी डॉलरपर्यंत जाईल आणि ते २०४०पूर्वी पोहोचणार नाहीत, असे एप्रिल २०२४मध्ये ‘नासा’ने सांगितले. त्यानंतर २०२५मध्ये अमेरिकी शासनाने अंदाजपत्रकात ही योजना रद्द करण्याचाच प्रस्ताव मांडला.

झालेला खर्च हे पुढील खर्चाचे समर्थन होऊ शकत नाही, हे मी वर्गात दरवर्षी शिकवितो. तेव्हा गाडी पाठविण्यात पैसे गेले म्हणून नमुने आणा, असे मी म्हणणार नाही. १,१०० कोटी डॉलर ही किंमत अवाच्या सवा आहे, आणि उपाशी माणसांच्या जगात ती विचारणे कोणालाही संकोचाचे वाटावे. पण योजना महाग आहे म्हणून स्वस्त योजना शोधणे वेगळे, आणि प्रश्नच दप्तरी दाखल करणे वेगळे. दरम्यान चीनने २०२८च्या सुमारास मंगळाचे नमुने आणण्यासाठी यान पाठविण्याचे जाहीर केले आहे. ते यान दुसरीकडे उतरेल, दुसरी माती आणील. ठिपक्यांच्या त्या खडकाचा तुकडा मात्र अमेरिकी गाडीतल्या नळीत बंद आहे, आणि तेथपर्यंत जाण्याचे भाडे देण्यास आज कोणी तयार नाही.